घृणास्पद आरोपालाही बचाव असतो

काही आरोप असे असतात की ते उच्चारले जाताच ऐकणाऱ्याच्या मनात निकाल लागून जातो. आंतरजालावरून अल्पवयीन मुलांचे लैंगिक शोषण केल्याचा आरोप हा त्यांतला सर्वांत जड. स्थानिक वृत्तवाहिनीवर पोलिसांनी प्रसृत केलेले छायाचित्र झळकते, खाली एखादे ओळखीचे वाटणारे भारतीय आडनाव असते, आणि तासाभरात ते छायाचित्र आपल्या मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरू लागते. खटला उभा राहण्यास अजून महिने असतात. समाजापुरता तो संपलेला असतो.

हा गुन्हा काल्पनिक नाही, आणि त्याची व्याप्ती भयावह आहे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. अमेरिकेतील नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन ही संस्था ‘सायबरटिपलाइन’ नावाची तक्रारनोंदणी चालवते. २०२३ साली तिच्याकडे ३ कोटी ६२ लाख अहवाल आले. त्यांपैकी सुमारे ८९ लाख अहवाल भारताशी संबंधित होते. इतर कोणत्याही देशाशी जोडलेल्या अहवालांपेक्षा ही संख्या मोठी होती. या चित्रांमध्ये बहुधा खरी मुले असतात, आणि चित्र पुन्हापुन्हा पाहिले जाते तेव्हा त्यांची विटंबनाही पुन्हा होते. तपासयंत्रणांनी कठोर असावे, यात दुमत असण्याचे कारण नाही.

तरीही प्रश्न उरतो तो असा : आरोप जितका घृणास्पद, तितकी त्याच्या शाबितीची परीक्षा कडक व्हावी की सैल? अमेरिकी कायद्याचे उत्तर कागदावर निःसंदिग्ध आहे. व्यवहारात मात्र या खटल्यांचा निकाल क्वचितच ज्यूरीसमोर लागतो. तो पहिल्या काही तासांत, चौकशीच्या टेबलावर, आणि पुढे कबुलीच्या करारात लागतो. म्हणून बचावाचा वकील किती लवकर आणि किती जाणता मिळतो, यावर निरपराध सुटेल की नाही, अपराध्याला त्याच्या अपराधाएवढीच शिक्षा होईल की नाही, आणि व्हिसावर राहणाऱ्याच्या कुटुंबाचे इथले आयुष्य उरेल की नाही, हे तिन्ही ठरते. आपल्या समाजात या विषयावर बोलणेच अप्रशस्त मानले जाते. त्यामुळे ही माहिती गरज पडते तेव्हा कोणापाशीच नसते.

कायद्याच्या पायऱ्या

‘आंतरजालीय लैंगिक गुन्हा’ या एका शब्दप्रयोगात अत्यंत भिन्न अपराध एकत्र येतात, आणि त्यांच्या शिक्षांतील अंतर फार मोठे आहे. संघीय कायद्यानुसार अल्पवयीन व्यक्तीला आंतरजालावरून लैंगिक कृत्यास प्रवृत्त करण्याचा प्रयत्न केला, तर किमान १० वर्षे आणि कमाल जन्मठेप होऊ शकते. मुलांचे लैंगिक चित्रण तयार करण्याला किमान १५ वर्षे आहेत. असे चित्रण मिळवले वा पाठवले तर किमान ५ आणि कमाल २० वर्षे. ते नुसते बाळगल्यास किमान शिक्षा नाही. कमाल मर्यादा १० वर्षांची, आणि चित्रातील मूल १२ वर्षांखालील असल्यास २० वर्षांची.

आता व्यवहारातली अडचण पाहावी. जो चित्रण बाळगतो त्याने ते कुठून तरी मिळवलेलेच असते. म्हणजे एकाच कृतीवर ‘बाळगणे’ हा आरोप ठेवायचा की ‘मिळवणे’ हा, याचा निर्णय बराचसा सरकारी वकिलाच्या हाती राहतो. त्या एका शब्दाने पाच वर्षांची किमान शिक्षा अंगावर येते किंवा टळते. न्यायाधीशाला किमान शिक्षेखाली जाण्याची मुभा जवळजवळ नसते, त्यामुळे खरी वाटाघाट न्यायासनासमोर होत नाही. ती सरकारी वकील आणि बचावाचा वकील यांच्यात होते.

वयाच्या बाबतीतही सामान्य समज फसवा आहे. न्यू जर्सीमध्ये संमतीचे वय १६ आहे, टेक्ससमध्ये १७, कॅलिफोर्नियात १८. परंतु चित्रणाच्या बाबतीत संघीय कायदा सर्वत्र १८ वर्षांचीच रेषा मानतो. म्हणजे ज्या नात्याला राज्याचा कायदा हरकत घेत नाही, त्याच नात्यातील एक छायाचित्र संघीय गुन्हा ठरू शकते. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात शिकणारी आपली मुले नेमकी या रेषेवर वावरत असतात, आणि त्यांना हे कोणी सांगितलेले नसते.

आणखी एक गोष्ट खास आपल्यासाठी. भारतातील नात्यागोत्याच्या गटांतून कधीकधी ‘या नराधमाला शोधा, पुढे पाठवा’ अशा मजकुरासह अत्याचाराचीच चित्रफीत येते. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. अमेरिकेत तिचे पुढे पाठवणे हे वितरणच होते. अनाहूतपणे असे काही हाती आलेल्या माणसासाठी संघीय कायद्यात एक अरुंद दार आहे : चित्रे तीनपेक्षा कमी असतील, आणि ती कोणालाही न दाखवता त्याने तत्परतेने, सद्‍हेतूने नष्ट करण्याची पावले उचलली असतील किंवा पोलिसांना कळवले असेल, तर बाळगण्याच्या आरोपाविरुद्ध तो बचाव मांडू शकतो. भारतातही आता ढिलाई राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द ठरवून स्पष्ट केले की असे चित्रण साठवणे हा पॉक्सो कायद्याच्या पंधराव्या कलमाखाली गुन्हा होऊ शकतो; त्या कायद्यात आरोपीचा दूषित हेतू गृहीत धरण्याचीही तरतूद आहे.

पहाटेची थाप आणि बोलकेपणा

बहुतेक प्रकरणांची सुरुवात अटकेने होत नाही. झडतीच्या वॉरंटने होते. पहाटे दारावर थाप पडते, संगणक व फोन जप्त होतात, आणि एक अधिकारी सौजन्याने विचारतो, ‘आपण थोडे बोलू शकतो का?’ याच क्षणी बहुतेक खटले हरले जातात.

१९६६ च्या मिरांडा निर्णयामुळे मौन आणि वकील यांचा हक्क आरोपीला समजावून सांगावा लागतो, हे चित्रपटांमुळे सर्वांना ठाऊक आहे. तो नियम ताब्यात घेतलेल्या माणसाच्या चौकशीला लागू होतो, हे मात्र फारसे ठाऊक नसते. स्वतःच्या दिवाणखान्यात बसून, ‘आपण अटकेत नाही’ असे सांगितल्यावर दिलेली उत्तरे त्या संरक्षणाबाहेर राहू शकतात. पुढे २०१३ साली सॅलिनस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की ताब्यात नसलेल्या माणसाने नुसते गप्प राहणे पुरेसे नाही. मौनाचा हक्क वापरत असल्याचे त्याने स्पष्ट बोलून सांगितले पाहिजे, अन्यथा त्या गप्प राहण्याचा अर्थ त्याच्याविरुद्ध लावला जाऊ शकतो. चौकशीत पोलिसांनी खोटे सांगितले, एवढ्यावरून कबुलीजबाब बाद होत नाही, हे तर १९६९ पासून मान्य आहे. उलट संघीय अधिकाऱ्याशी महत्त्वाच्या बाबतीत जाणीवपूर्वक खोटे बोलणे हा नागरिकासाठी स्वतंत्र गुन्हा आहे.

आपल्या सुशिक्षित घरांतील माणूस या प्रसंगी हमखास बोलतो. मोठ्यांनी विचारले तर उत्तर द्यावे, गप्प बसणे म्हणजे चूक कबूल करणे, अशी आपली घडण आहे. ‘मी काही केलेले नाही, मग वकील कशाला?’ हे वाक्य आपल्याला स्वाभिमानाचे वाटते. अभियंत्याला तर वाटते की तांत्रिक खुलासा केला की गैरसमज मिटेल. प्रत्यक्षात तो खुलासाच ‘हा संगणक मीच वापरतो, घरातील दुसरे कोणी नाही’ या कबुलीत रूपांतरित होतो, आणि सरकारी पक्षाला जे सिद्ध करणे सर्वांत अवघड गेले असते ते आयते हाती पडते. दुसरी हातून घडणारी गोष्ट म्हणजे घाबरून फोन पुसून टाकणे. तपास सुरू झाल्यावर किंवा तो होणार या जाणिवेने पुरावा नष्ट करणे हा २० वर्षांपर्यंत शिक्षेचा वेगळा अपराध आहे.

अटकेनंतरची स्थितीही इतर गुन्ह्यांहून निराळी आहे. जामिनाच्या संघीय कायद्यात अल्पवयीनांविरुद्धच्या या गुन्ह्यांपैकी अनेकांसाठी असे गृहीत धरले जाते की आरोपीला सोडणे सुरक्षित नाही. ते गृहीत खोडून काढण्याची जबाबदारी बचावावर येते. परदेशी पारपत्र हाती असलेल्या माणसाला ती अधिक जड जाते. कोठडीत बसलेल्या, नोकरी गमावलेल्या, किमान दहा वर्षांची टांगती तलवार डोक्यावर असलेल्या माणसासमोर कबुलीचा करार ठेवला जातो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निर्णयात नोंदवले की संघीय न्यायालयांतील ९७ टक्के आणि राज्यांतील ९४ टक्के दोषसिद्धी कबुलीतून होतात. ज्यूरीसमोरचा उलटतपास हा अपवाद आहे. म्हणून चांगल्या वकिलाचे काम त्याच्या वक्तृत्वावर कमी आणि कराराच्या आधी त्याने पुरावा किती बारकाईने तपासला यावर अधिक तोलले पाहिजे.

पुरावा बोलतो, पण काय बोलतो?

संगणकीय पुरावा निर्विवाद भासतो. आयपी पत्ता मात्र जोडणी ओळखतो, माणूस ओळखत नाही. घरातील वायफाय भाडेकरू, पाहुणे, मुले असे सर्व वापरतात. यंत्रात फाइल सापडणे आणि ती तिथे आहे हे माणसाला ठाऊक असणे, या दोहोंतील अंतर तज्ज्ञालाच मोजता येते.

हे अंतर न मोजल्यास काय होते याचे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. १९९९ साली टेक्ससमधील लँडस्लाइड नावाच्या कंपनीवर छापा पडला. तिच्या नोंदींतून ब्रिटनमधील सात हजारांहून अधिक क्रेडिट कार्डधारकांची यादी निघाली, आणि २००२ पासून ‘ऑपरेशन ओर’ या नावाने धरपकड झाली. चौदाशेहून अधिक जण दोषी ठरले, आणि अनेकांच्या संगणकांत खरोखरच बेकायदा चित्रे सापडली. परंतु डंकन कॅम्बेल या पत्रकाराने मूळ नोंदी तपासून दाखवले की त्या कंपनीच्या व्यवहारांत चोरलेल्या कार्डांचा मोठा वापर झाला होता. म्हणजे यादीतील काही जण स्वतःच फसवणुकीचे बळी होते. तोवर संशयितांपैकी तिसाहून अधिक जणांनी आत्महत्या केल्याचे वृत्त होते. या युक्तिवादावर आधारलेले एक महत्त्वाचे अपील २०१० साली न्यायालयाने फेटाळले, हेही नोंदवले पाहिजे. कार्डाची नोंद आणि माणसाचे कृत्य यांच्यामधली पायरी काही प्रकरणांत पक्की होती, काहींत नव्हती. ती पायरी प्रत्येक प्रकरणात स्वतंत्रपणे तपासणे, यालाच बचाव म्हणतात.

अलीकडे पहिला संशय माणूस घेत नाही, यंत्र घेते. कंपन्या प्रत्येक चित्राचा अंकांत काढलेला ठसा, ज्याला हॅश म्हणतात, ज्ञात चित्रांच्या ठशांशी ताडून पाहतात. काही यंत्रणा अनोळखी चित्रांवरही संशय घेतात. २०२१ साली सॅन फ्रान्सिस्कोतील एका पित्याने डॉक्टरांना दाखवण्यासाठी आपल्या लहानग्याच्या दुखणाऱ्या अवयवाचे छायाचित्र काढले. गुगलच्या यंत्रणेने ते संशयित ठरवले, खाते बंद झाले, पोलीस तपास झाला. पोलिसांनी गुन्हा घडला नसल्याचा निष्कर्ष काढला, तरी खाते परत मिळाले नाही. २०२२ साली न्यूयॉर्क टाइम्सने हे प्रकरण प्रकाशात आणले. त्याआधी, २०२१ मध्येच, नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने विल्सन खटल्यात ठरवले की कंपनीच्या कोणाही कर्मचाऱ्याने न पाहिलेली, केवळ हॅशवरून कळवलेली फाइल सरकारी अधिकाऱ्याने वॉरंटशिवाय उघडणे हे घटनेच्या चौथ्या दुरुस्तीचे उल्लंघन आहे. पाचव्या व सहाव्या सर्किटच्या न्यायालयांनी तत्पूर्वी उलट भूमिका घेतली होती. म्हणजे आरोपी कॅलिफोर्नियात राहतो की टेक्ससमध्ये किंवा ओहायोत, यावर त्याचा हक्क बदलतो.

सरकारच्या तपासपद्धतीचीही तपासणी बचावामुळेच होते. २०१५ साली एफबीआयने ‘प्लेपेन’ हे गुप्त संकेतस्थळ ताब्यात घेऊन ते जवळजवळ दोन आठवडे स्वतः चालू ठेवले, आणि व्हर्जिनियातील एका न्यायाधिकाऱ्याने दिलेल्या एकाच वॉरंटच्या आधारे जगभरातील हजारो संगणकांचा माग काढला. यातून खरे गुन्हेगार पकडले गेले. परंतु एका न्यायाधिकाऱ्याचे वॉरंट आपल्या अधिकारक्षेत्राबाहेर चालते काय, हा प्रश्न बचावाच्या वकिलांनी लावून धरला. डिसेंबर २०१६ मध्ये संबंधित नियमच बदलावा लागला. वॉशिंग्टन राज्यातील एका प्रकरणात माग काढणाऱ्या प्रणालीचा तपशील बचावाला देण्यापेक्षा सरकारने २०१७ साली खटलाच मागे घेतला.

असे वाद कायद्याला कमकुवत करतात, अशी भीती व्यक्त केली जाते. न्यूयॉर्कचा अनुभव वेगळा आहे. तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने २०१२ साली निर्णय दिला की ब्राउझरने आपोआप साठवलेल्या प्रतींवरून, केवळ चित्र पाहिले एवढ्याने, राज्याच्या कायद्यातील ‘बाळगणे’ सिद्ध होत नाही. त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून पाहण्याच्या हेतूने चित्रण उघडणे हाही गुन्हा ठरवला. बचावाने फट दाखवली, विधिमंडळाने ती उघडपणे बुजवली, आणि कायदा अधिक नेमका झाला.

बचावाचे काम इथे मुळातच अवघड असते. २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्यानुसार संघीय खटल्यांत या चित्रणाची प्रत बचावाच्या वकिलालाही मिळत नाही; त्याला व त्याच्या तज्ज्ञाला ते सरकारी कार्यालयात जाऊनच तपासावे लागते. पीडित मुलांचा विचार करता हे योग्यच आहे. परंतु त्यामुळे अनुभवी तज्ज्ञाचा वेळ आणि खर्च वाढतो, आणि अननुभवी वकील तपासणीच टाळतो.

सापळा आणि तमाशा

दुसरा मोठा वर्ग सापळ्यांचा. पोलीस अधिकारी आंतरजालावर अल्पवयीन असल्याची बतावणी करून संभाषण करतो. ठरलेल्या जागी आलेला माणूस पकडला जातो. समोर प्रत्यक्षात कोणतेही मूल नव्हते, हा बचाव टिकत नाही; समोरची व्यक्ती अल्पवयीन आहे असे आरोपीने मानले होते काय, हा प्रश्न असतो. ज्या संकेतस्थळावर सर्व सदस्यांनी आपण प्रौढ असल्याचे नमूद केलेले असते, तिथे संभाषणाच्या मध्यात आलेल्या वयाच्या एका ओळीवर सारा खटला उभा राहतो. म्हणून संपूर्ण संभाषण, त्याचा क्रम, विषय कोणी काढला, माघार कोणी घेतली आणि पुन्हा कोणी ओढले, हे सारे तपासावे लागते.

सरकारने निरपराध माणसाच्या मनात गुन्ह्याची प्रवृत्ती निर्माण करून मग त्यालाच शिक्षा करू नये, हे तत्त्व १९३२ पासून मान्य आहे. १९९२ च्या जेकब्सन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते याच क्षेत्रात लागू केले. सरकारी विभागांनी बनावट संस्थांच्या नावे २६ महिने पत्रे पाठवून नेब्रास्काच्या एका शेतकऱ्याला बेकायदा प्रकाशन मागवायला लावले होते; पाच विरुद्ध चार मतांनी त्याची दोषसिद्धी रद्द झाली. तथापि या बचावावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. तो मांडताच आरोपीची पूर्वप्रवृत्ती हा विषय खुला होतो आणि त्याचा सारा शोध-इतिहास ज्यूरीसमोर येऊ शकतो.

सापळ्याचा तमाशा झाला की न्याय हातचा जातो, याचा धडा टेक्ससमधील मर्फी गावाने दिला. २००६ साली तिथे ‘टू कॅच अ प्रिडेटर’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी, एका खासगी गटाच्या मदतीने, सापळा रचला गेला. या मोहिमेतील एका संशयिताच्या घरी पोलीस पोहोचले, चित्रीकरण पथकही आले, आणि त्याने स्वतःला गोळी घातली. पुढे जिल्ह्याच्या सरकारी वकिलाने त्या सापळ्यातील जवळजवळ सर्व प्रकरणे पुरावा आणि अधिकारक्षेत्र यांतील त्रुटींमुळे चालवण्यास नकार दिला. त्यांत कोणी खरे अपराधी असतील, तर तेही सुटले. आज हाच खेळ समाजमाध्यमांवर हौशी मंडळी खेळतात, आणि आपण त्याच्या चित्रफिती पुढे पाठवतो.

परदेशस्थाची दुसरी शिक्षा

नागरिकाला जी शिक्षा न्यायालय देते, तिच्यापेक्षा मोठी शिक्षा परदेशी नागरिकाला पुढे स्थलांतर-कायदा देतो. अल्पवयीनांचे लैंगिक शोषण आणि बाल-लैंगिक चित्रणाचे अनेक गुन्हे त्या कायद्यात ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’ ठरतात. त्याचा अर्थ हद्दपारी, तीही सवलतीची बहुतेक दारे बंद करून. वीस वर्षांचे ग्रीनकार्डही ती थांबवत नाही. यातील सर्वांत फसवी बाब म्हणजे ‘दोषसिद्धी’ची व्याख्या. राज्याच्या न्यायालयात ‘कबुली द्या, काही काळ वर्तन नीट ठेवा, नोंद पुसली जाईल’ असा करार मिळाला, तरी कबुली आणि काहीएक निर्बंध एवढ्यावर स्थलांतर-कायद्यापुरती ती दोषसिद्धीच राहते. स्थानिक वकिलाला हा करार विजय वाटतो. कुटुंबासाठी तो परतीचा प्रवास असतो.

२०१० साली पडिला विरुद्ध केंटकी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हणूनच ठरवले की कबुलीमुळे हद्दपारीचा धोका असल्यास ते परदेशी अशिलाला सांगणे हे बचावाच्या वकिलाचे घटनादत्त कर्तव्य आहे. त्या खटल्याचा अर्जदार चाळीस वर्षे अमेरिकेत कायदेशीर राहिलेला, व्हिएतनाम युद्धात लढलेला माणूस होता. काळजी करू नका, असे त्याला त्याच्या वकिलाने सांगितले होते.

नागरिकत्व मिळालेल्यांनीही निश्चिंत राहू नये. ॲडम वॉल्श कायद्यानुसार अल्पवयीनांविरुद्धच्या ठरावीक गुन्ह्यात दोषी ठरलेला नागरिक आपल्या पत्नीसाठी, पतीसाठी वा आईवडिलांसाठी ग्रीनकार्डचा अर्ज सहसा करू शकत नाही. २०१६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत गुन्हेगाराच्या पारपत्रात तसा शेरा छापला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत सरकारने जाहीर केले की दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्या, किंवा सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झालेल्या व्यक्तीची ओसीआय नोंदणी रद्द होऊ शकते. म्हणजे एका कबुलीने इथले घर आणि तिथले येणेजाणे, दोन्ही धोक्यात येतात.

अटकेतील भारतीय नागरिकाला आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिला आहे. भारताच्या बाबतीत तो आपोआप अमलात येत नाही. तशी विनंती करावी लागते. लाजेपोटी ती बहुधा केली जात नाही.

पीडिताचे काय?

या साऱ्यावर एक रास्त आक्षेप आहे : एवढी काळजी आरोपीची, मग त्या मुलांचे काय? उत्तर असे की त्या मुलांचे हित खऱ्या अपराध्यापर्यंत पोहोचण्यात आहे. चुकीचा माणूस तुरुंगात गेला की खरा मोकळा राहतो, आणि घाईने मिळवलेली दोषसिद्धी अपिलात कोसळली की पीडिताला पुन्हा त्याच यातनेतून जावे लागते. चांगला बचाव पीडितावर चिखलफेक करत नाही. तो पुराव्याशी भांडतो. अपराध खरोखर घडलेला असेल, तर जबाबदार वकील अशिलाला ते स्वीकारायला, उपचार सुरू करायला आणि भरपाई द्यायला सांगतो. २०१८ च्या कायद्याने चित्रणाच्या गुन्ह्यांत प्रत्येक पीडिताला, नुकसान त्याहून कमी नसेल तर, किमान ३,००० डॉलर भरपाई ठेवली आहे.

शिक्षेच्या प्रमाणाचा प्रश्नही तिथेच येतो. शिक्षेच्या संघीय मार्गदर्शिकेत संगणक वापरल्याबद्दल शिक्षा वाढवण्याची तरतूद आहे. संघीय शिक्षा आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार चित्रण तयार न करणाऱ्या गुन्हेगारांपैकी ९५ टक्क्यांहून अधिकांना ती वाढ लागू झाली होती. सर्वांनाच लागू होणारी वाढ जास्त घातक आणि कमी घातक अपराधी यांत भेद करू शकत नाही. न्यायाधीशांनाही हे पटलेले दिसते : त्याच अहवालानुसार एक तृतीयांशाहून कमी प्रकरणांत शिक्षा मार्गदर्शिकेच्या मर्यादेत होती. हा भेद न्यायाधीशासमोर मांडणे, हे बचावाचेच काम.

समाजाने काय करावे

वेळ आलीच तर करायच्या गोष्टी थोड्या आहेत. झडतीला विरोध करू नये. वॉरंटची प्रत मागावी. ‘मी मौनाचा हक्क वापरत आहे, मला वकील हवा आहे’ एवढे स्पष्ट बोलावे आणि थांबावे. काहीही पुसू नये. फौजदारी वकिलासोबत स्थलांतर-कायद्याचा वकील पहिल्या दिवसापासून असावा, आणि दोघांनी एकमेकांशी बोलून झाल्याशिवाय कोणत्याही करारावर सही करू नये. निकालाची हमी देणारी जाहिरात वाचून वकील निवडू नये. या प्रकारचे किती खटले हाताळले आणि संगणकतज्ज्ञ कोण, हे विचारावे. पैसे नसतील, तर १९६३ च्या गिडिअन निर्णयापासून सरकारी खर्चाने वकील मिळणे हा हक्क आहे. संघीय न्यायालयांतील पब्लिक डिफेंडर या विषयात बहुधा अनुभवी असतात, त्यांना कमी लेखू नये. हा मजकूर सर्वसाधारण माहितीचा आहे. प्रत्येक प्रकरणाचा सल्ला त्याच्या वकिलाकडूनच घ्यावा.

इतरांचे कर्तव्य याहून सोपे आहे. महाराष्ट्र मंडळांत कर, इस्टेट, व्हिसा यांवर व्याख्याने होतात. पौगंडावस्थेतील मुले, त्यांचे फोन आणि फौजदारी कायदा यांवर वर्षातून एक संध्याकाळ ठेवता येईल. आरोपीच्या पत्नीला आणि मुलांना वाळीत टाकू नये; त्यांच्यावर कोणताच आरोप नसतो. मुलांच्या सुरक्षिततेसाठी आरोपीपासून अंतर राखणे हे शहाणपण आहे, पण त्यासाठी त्याचे छायाचित्र गटागटांत फिरवण्याची गरज नाही.

आरोपी दोषी असेलही. पुष्कळदा तो असतो. पण ते ठरवण्याची रीत इतर कोणत्याही गुन्ह्यापेक्षा इथे अधिक कसोशीने पाळली गेली पाहिजे, कारण या आरोपातून निर्दोष सुटलेल्या माणसालाही त्याचे पूर्वीचे आयुष्य परत मिळत नाही.